जाळीचे हेडफोन

कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी जे हेडफोन घेतले, त्यांतून सगळा आवाज बाहेर येत होता, आणि ही गोष्ट माझ्याखेरीज आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होती. गेल्या वर्षी पावसाळ्यापासून थेट दिवाळी उलटेपर्यंत मी बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या आमच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत, डोक्यावरून पदर घेऊन, डोळे मिटून, चेहऱ्यावर शक्य तितके सात्त्विक भाव आणून बसत असे. पदराखाली हेडफोन. हेडफोनमध्ये हेवी मेटल. कुणी विचारलंच तर सांगायचं, स्तोत्रं ऐकते.

आता त्या बाईची आठवण झाली की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो. सत्तरी उलटलेली, बी. ए. झालेली, पेटी वाजवणारी, नवऱ्याच्या मागे एकटीने घर सांभाळणारी. आणि पदराखाली गिटार लपवते. शेवग्याच्या शेंगा पिशवीत उभ्या घालायच्या, वर रुमाल टाकायचा आणि समजायचं की शेंगा दिसत नाहीत, त्यातली गत.

खुणा तर किती होत्या. आमच्या पायरीवर वर्षानुवर्षं झोपणारं रस्त्यावरचं कुत्रं समोरच्या घरी राहायला गेलं. मला वाटलं, तिकडे मटण मिळत असेल. वरच्या मजल्यावरच्या कन्नड शेजारणीने एकदा मला जिन्याशी थांबवून तिच्या हिंदीत विचारलं, "आंटी, आपका मिक्सी खराब है क्या? मेरे पास अच्छा मेकॅनिक है."

"नाही हो, मिक्सी एकदम ठीक आहे," मी म्हटलं.

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. बिचारीचे कान गेले वाटतं एवढ्यात, असं मनात म्हणून मी तिला जाताना चकल्या दिल्या.

मेटल माझ्या आयुष्यात नातीमुळे आलं असं आमच्या घरात समजतात. चूक आहे. ते लग्नाबरोबर आलं.

साताऱ्याकडून लग्न होऊन मी आले ती थेट इथल्या यशवंतपूरला. ह्यांची नोकरी सरकारी कारखान्यात, इंजिनियरची. कंपनीचं क्वार्टर मिळायला अवकाश होता म्हणून भाड्याचं घर घेतलेलं, आणि त्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच एक फोर्जिंगचं शेड होतं. म्हणजे तापवून लाल केलेलं लोखंड आणि त्यावर पडणारा यंत्राचा हातोडा. तो एकदा पडून थांबला असता तर गोष्ट वेगळी. तो पडतच राहायचा, एका लयीत, आणि मधेच काय अंगात यायचं कोण जाणे, एकदम दुप्पट. फळीवरच्या बरण्या एकमेकींना खेटून किणकिणायच्या. लोणच्याच्या बरणीखाली मी फडक्याची घडी ठेवायची, नाहीतर ती चालत चालत कडेपर्यंत यायची.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. कानांत कापसाचे बोळे घालून भाकऱ्या थापायची. दाराशी कुणी आलं तरी कळायचं नाही; एकदा ह्यांचे साहेब बराच वेळ बाहेर उभे राहून परत गेले. रोज संध्याकाळी ह्यांच्यापुढे ताट ठेवलं की माझं सुरू व्हायचं.

"अहो, दुसरं घर बघा, नाहीतर मला माहेरी नेऊन सोडा."

"होईल सवय," हे आमटी ओरपत म्हणायचे.

"सवय व्हायला मी काय म्हैस आहे?"

"म्हैस एवढं बोलत नाही."

मग त्या शेडमध्ये संप झाला. हातोडा थांबला, बरण्या गप्प झाल्या. मी शेजारपाजारी सांगत सुटले की सुटले एकदाची. आणि मला दुपारची झोप येईना. आडवी व्हायची, कूस बदलायची, पुन्हा उठून बसायची. भाकरी थापताना हात मधेच थांबायचा, कारण तो ज्याच्या मागोमाग पडत होता तेच बंद होतं. एका दुपारी मी मागच्या भिंतीला तळहात लावून उभी राहिले, एखाद्याचा ताप बघावा तशी. संप मिटला, पहिला घाव पडला, आणि मी पाट घेऊन तिथेच भिंतीला टेकून गाढ झोपले. ह्यांना मी हे कधी सांगितलं नाही. इतका कांगावा केल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढे क्वार्टर मिळालं, मग जे. पी. नगरचं हे घर बांधलं. त्या वेळी इथे इतकी शांतता होती की पाहुणे मुद्दाम तारीफ करायचे. मीही मान डोलवायची. हे गेल्यावर ती शांतता आणखी घट्ट झाली, खाली लागलेल्या पिठल्यासारखी.

माझा मुलगा आणि सून इथेच, एचएसआर लेआउटला राहतात. नात त्यांच्याकडेच राहून एका स्टार्टअपमध्ये नोकरी करते. एका रविवारी जेवून परत येताना ती मला गाडीतून सोडायला निघाली. गाडी सुरू केली तसं तिच्या फोनवरचं काहीतरी आपोआप लागलं. तिने घाईघाईने हात पुढे केला.

"सॉरी आजी, बंद करते."

"थांब."

"अगं, हे तुझ्यासाठी नाहीये."

"थांब म्हणते ना. मागे घे जरा. तो जिथून दोन्ही पायांनी वाजवायला लागतो तिथून."

सिग्नल हिरवा झालेला, मागून हॉर्न वाजत होते, आणि ही माझ्याकडे बघत बसलेली. "दोन पाय आहेत हे तुला कसं कळलं?"

"एका पायाने चौगुन, चौपट लय, इतकी स्वच्छ येणार नाही. गाडी घे पुढे."

मला ते गाणं म्हणून कळलं असं नाही. तो माणूस गातो म्हणायचं की ओकतो, हेही मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. पण त्याच्या खाली जे चाललं होतं ते मला ओळखीचं होतं. माझा हात गाडीच्या दाराला कधी टेकला होता ते माझं मलाच कळलं नव्हतं.

घरी येऊन मी तेच फोनवर लावलं. फोनच्या स्पीकरमधून ते पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाजलं. नातीने मग कानांत खुपसायची ती दोन बोंडं दिली, तिची जुनी. ती माझ्या कानांत ठरेनात. डावं सारखं निसटायचं, आणि उजवं एक दिवस तूरडाळीच्या डब्यात पडलं ते डाळ निम्मी संपेपर्यंत सापडलं नाही. तेव्हा म्हटलं, आता नीट वस्तू घ्यायची, आणि कुणाला बरोबर न घेता घ्यायची.

रिक्षा करून मी जवळच्या एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या विक्रेत्याने माझं पातळ बघितलं, पांढरे केस बघितले आणि न विचारता आत भजनं भरलेला एक छोटा रेडिओ माझ्यापुढे ठेवला.

"डिवोशनल के लिए ना, अम्मा?"

"नाही."

"पुराने गाने?"

मी माझा फोन त्याच्यापुढे सरकवला. पडद्यावरचं चित्र, म्हणजे कवटी, तिच्या डोळ्यांतून वेल निघालेली, हे त्याने पाहिलं आणि मग मला पाहिलं.

"पोते के लिए है क्या?"

"पोता नहीं है. मेरे लिए है. आणि आमच्याकडे वायर लागते, माझ्या फोनला अजून भोक आहे."

पेटी वाजवणाऱ्या बाईला एक खोड असते. सगळ्या मिळून गात असल्या तरी ती एकेकीचा आवाज वेगळा काढून ऐकते. कोण सुरातून घसरली, कोण टाळ मागे ओढते, कोण नुसतेच ओठ हलवते. मेटल ऐकताना तेच करायचं असतं. दोन गिटारी एकाच स्वरावर तुटून पडलेल्या असतात, त्यांच्या पोटात ती जाड तारेची बास, त्याच्याही खाली पायांचे ढोल. वाईट हेडफोनात त्याची गुरगुटी खिचडी होते. मला मोकळा भात हवा होता, शीत न् शीत सुटं.

त्याने आधी बाहेरचा आवाज बंद करणारे महागडे लावून दाखवले. कानांत दडे बसले, घाट चढताना बसतात तसे. ढोल वाजत होता पण शेजारच्या घरात. दुसरे होते त्यात बास इतका घातलेला की इथल्या सांबारातल्या गुळासारखा तोच पुढे पुढे करत होता, बाकी कशाची चव लागेना. एक छोटे होते ते कानावरच दाबून बसले आणि माझ्या कुडीची फिरकी मानेत रुतली. मी एकच गाणं, त्यातला तोच तुकडा, प्रत्येकावर लावत होते. विक्रेता आधी वैतागला, मग स्टूल आणून दिलं, मग कॉफी सांगितली.

शेवटी त्याने आतून एक खोकं आणलं. कान अख्खा आत मावेल एवढ्या मऊ वाट्या, आणि त्यांच्या पाठीला बारीक जाळी. आमच्या यशवंतपूरच्या घरात दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट होतं, अगदी तशी. मी मनात म्हटलं, वा, कानाला हवा लागावी म्हणून केवढी सोय केली आहे. इथल्या एप्रिल-मेमध्ये घाम येणार नाही.

"मॅडम, ये ओपन टाइप है, इसमें क्या होता है कि..."

"समजलं मला. तुम्ही लावा."

त्याने लावलं. आणि शेडचं दार कुणीतरी उघडलं. ढोल डोक्याच्या आत नव्हता, पाठीमागे होता, भिंतीपलीकडे, जिथे असायला पाहिजे तिथे. गिटारी दोन बाजूंना उभ्या. प्रत्येक घाव वेगळा, प्रत्येक घावाभोवती थोडी मोकळी हवा. तो बिचारा हातवारे करून पुढेही काही सांगत होता, पण माझ्या कानांवर हेडफोन होते.

खरेदी उत्तम झाली होती, आजही मी तेच घेईन. फक्त ज्या कामासाठी घेतले त्या कामाचे ते नव्हते. जाळीतून हवा आत येते तसा आवाजही बाहेर जातो, हे जाळीच्या कपाटातल्या हिंगाचा वास घरभर ज्या बाईने वर्षानुवर्षं घेतला तिला सुचायला हरकत नव्हती.

आता लपवायचंच कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण आमचं भजनी मंडळ.

बेंगळुरूत मराठी घरात बोलायची भाषा आहे, आणि माझ्या घरात बोलायला आता कुणी नाही. शेजारी कन्नड, बाजारात जमेल ते, मुलाकडे गेलं तर निम्मं इंग्रजी. नात माझ्याशी प्रेमाने बोलते, पण तिला "कांगावा" म्हणजे काय ते समजावून सांगेपर्यंत कांगाव्यातली मजा निघून जाते. मराठीत भांडायला, मराठीत कुणाची तरी नक्कल करायला आणि माझी नक्कल झालेली ऐकायला मला एक गुरुवार उरला आहे. दर गुरुवारी दुपारी एकीच्या घरी जमायचं, भजनं म्हणायची, मग खायचं. पेटीवर मी. हे गेल्यानंतर त्या पेटीमुळेच मी घराबाहेर पडू लागले. ती जागा गेली असती तर माझा आठवडा नुसताच सलग झाला असता.

पेटी मात्र माझी नव्हे, अध्यक्षबाईंची. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, आणि त्यांचं घराणं इथे तीन-चारशे वर्षांपासूनचं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असतं की त्यांचं त्यांना कळत नाही. "अक्का, स्वल्प सरका," म्हणतात. मी मंडळात नवीन होते तेव्हा घरी येऊन ह्यांच्यापुढे त्यांची नक्कल करायची आणि स्वतःच हसायची. अर्धं आयुष्य इथे काढून जिला दूधवाल्याशी कन्नडमध्ये धड भांडता येत नव्हतं, ती बाई हसत होती. पेटी त्यांच्या आईची. ज्या घरी मंडळ असेल त्या घरी अध्यक्षबाई ती रिक्षात मांडीवर घेऊन जातात. दुसऱ्या कुणाला उचलू देत नाहीत. वाजवायला फक्त मला देत.

अशा बाईला मेटलचं काय सांगणार? म्हणून स्तोत्र.

दिवाळीनंतरचा एक गुरुवार माझ्या घरचा होता. साबुदाण्याचे वडे तळून झाले होते, सतरंजी घातली होती, अजून वेळ आहे म्हणून मी व्हरांड्यात बसले. पदर, डोळे, भाव, सगळं जागच्या जागी. माझी बोटं खुर्चीच्या हातावर चौगुन धरत होती. गाणं संपत आलं म्हणून डोळे उघडले, तर समोर अख्खं मंडळ. कुणी पायरीवर, कुणी कठड्याला टेकून, आणि शेजारच्या खुर्चीत अध्यक्षबाई, मांडीवर पेटी. किती वेळ बसल्या होत्या देव जाणे.

मी झटकन हेडफोन गळ्यात ओढले. बंद करायचं सुचलं नाही. त्यामुळे पुढचं गाणं सुरू झालं ते सगळ्यांना अधिकच स्वच्छ ऐकू आलं, आणि मलाही, पहिल्यांदाच, बाहेरून.

"काय ऐकत होतात, अक्का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"स्तोत्र."

माझ्या गळ्याशी त्या गाणाऱ्या माणसाने घसा ताणून डरकाळी फोडली.

"सरी," त्या म्हणाल्या. "कुठल्या देवाचं?"

माझ्या आयुष्यात मला शब्द सापडला नाही असं कधी झालं नाही, तेव्हाही झालं नाही. "नरसिंहाचं," मी म्हटलं.

आमच्यातली सगळ्यात धाकटी नाकातून हसली आणि मग खोकल्यासारखं केलं. बाकी कुणी हसलं नाही. अध्यक्षबाई उठल्या, आत गेल्या, पेटी सतरंजीवर ठेवली आणि भजन सुरू झालं. मी वाजवलं. वडे सगळ्यांनी खाल्ले, चांगले झाल्याचंही सांगितलं. आणि संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अध्यक्षबाईंचा निरोप आला की दत्तजयंतीच्या कार्यक्रमात पेटीची साथ यंदा धाकटी करील. माझं नाव नाही, कारण नाही. खाली सगळ्यांचे नमस्काराचे हात.

नातीला फोन केला. ती आली, तिने हेडफोन खुर्चीवर ठेवून गाणं लावलं आणि मला हाताला धरून फाटकापर्यंत चालवत नेलं. फाटकाशी उभं राहून मी ऐकलं. ती पायरीवर बसून पोट धरून हसत होती.

"आजी, तू सगळ्या रस्त्याला ऐकवत होतीस. आणि म्हणे स्तोत्र."

तिने ही हकिगत घरी सांगितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी मुलगा आला. हातात नवं खोकं. हा माझा मुलगा एका मोठ्या कंपनीत माणसांचं व्यवस्थापन करतो, आणि मीही एक माणूसच.

"आई, इश्यू म्युझिकचा नाहीये. ऑप्टिक्सचा आहे."

"माझा चष्मा ठीक आहे."

"तसं नाही गं. लोकांना कसं दिसतं ते. हे बघ, हे क्लोज्ड आहेत, आवाज अजिबात बाहेर जात नाही. हे घाल, मंडळात सांग की नातीचं काहीतरी चुकून लागलं होतं. विषय संपला. तुझी पेटी तुला परत मिळेल."

मी ते घालून बघितले. वस्तू वाईट नव्हती, पोराने विचार करून आणली होती, कुडीसुद्धा टोचत नव्हती. लावलं मी माझं गाणं. ढोल डब्यात गेला. झाकण लावलेल्या डब्यात, आत, अगदी गुपचूप. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पेटी डोळ्यांपुढे आली. फक्त एक छोटं खोटं आणखी बोलायचं, आणि तेसुद्धा नातीच्या नावावर, जिला काही फरक पडणार नव्हता.

मी ते काढून त्याच्या हातात दिले.

"तू वापर. मीटिंगला होतील."

"आई, अगं पण लोक..."

"लोकांनी ऐकलंय. आता झाकण कशावर लावू?"

"आणि मंडळातून काढलं तर?"

"तर काढू देत. मी जाऊन विचारीन का काढलं. कानांत कापूस घालून बसायचं वय गेलं माझं."

तो कापसाचा संदर्भ त्याला कळला नाही; तेव्हा तो जन्मला नव्हता. जाताना एवढंच म्हणाला, "आवाज तरी कमी ठेव, कान जातील." ते त्याचं बरोबर आहे. ते मी ऐकते. तेवढंच ऐकते.

त्याच दिवशी मी वर जाऊन शेजारणीला सांगून आले की मिक्सी बिघडलेली नव्हती, ते संगीत होतं, आणि ते मीच ऐकत होते. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि दिलासा दिला, "हमारे बेटे का भी ऐसा ही था, आंटी. इंजिनियरिंग के बाद ठीक हो गया." मी म्हटलं, माझं आता इंजिनियरिंग व्हायचं राहिलं. तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळात मी आतल्या खोलीत बसायचं, एवढं आमचं ठरलं.

पुढच्या गुरुवारी मंडळ अध्यक्षबाईंच्याच घरी होतं. मी इरकली नेसले, चांगली, ठेवणीतली, आणि हेडफोन गळ्यात घातले. वायर गुंडाळून कमरेला खोचली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. बघू दे म्हटलं.

मी आत गेले तेव्हा पेटी धाकटीपुढे होती आणि तिचं तोंड पडलेलं होतं. अध्यक्षबाई देवाजवळच्या त्यांच्या जागेवर.

"या अक्का. ते गळ्यातलं काढून ठेवा."

"नाही काढत."

अध्यक्षबाईंनी हातातले टाळ खाली ठेवले.

"इथे भजन आहे, अक्का."

"माहीत आहे, मी बरीच वर्षं वाजवतेय. मी हे ऐकते. रोज ऐकते. हेवी मेटल म्हणतात त्याला, आणि ते मला तुमच्या-माझ्या भजनाइतकंच आवडतं. स्तोत्रबित्र काही नव्हतं. ह्यामुळे पेटी द्यायची नसेल तर नका देऊ, मी पुढे बसून गाईन. पण हे काढणार नाही, आणि चोरून ऐकणार नाही."

मी इरकलीचा घोळ आवरला आणि पुढच्या रांगेत बसले.

अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. "आणा इकडं."

मला वाटलं जप्त करतात, शाळेत करत असतील तसं. त्यांनी ते स्वतःच्या डोक्यावर चढवले, अंबाड्यात अडकले ते सोडवले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"हलकं काहीतरी लावू?" मी विचारलं.

"तुम्ही ऐकता तेच लावा."

मी गाडीतलं ते पहिलं, हातोड्याच्या लयीचं लावलं. अख्खं गाणं त्या ऐकत राहिल्या, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशा, हात मांडीवर, नजर समोर. जाळीतून बाहेर येणारं सगळ्या ऐकत होत्या. धाकटीचा अंगठा पेटीच्या लाकडावर हलत होता, तिने तो दुसऱ्या हाताने धरला. गाणं संपलं. अध्यक्षबाईंनी हेडफोन काढले, वाट्या पदराने पुसल्या, मला परत दिले आणि म्हणाल्या, "सरी. सुरू करा." हे मला नव्हे, धाकटीला.

धाकटीने वाजवलं. मी पुढे बसून गायले, गळ्यात हेडफोन, हाताने ताल धरून. ती मागे ओढत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी सज्जन मी फार क्वचित असते. मग उपमा झाला, कॉफी झाली, कुणी गाण्याचा विषय काढला नाही. मी चपला घातल्या. पेटी गेली, असं मी मनाशी धरलं होतं, आणि नवल म्हणजे रडू येत नव्हतं. राग येत होता, तो बरा वाटत होता.

फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होते, तर मागून अध्यक्षबाई आल्या. उपम्याचा एक डबा माझ्या हातात दिला. रिक्षा वळणावर दिसली. मग जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"आवडलं नाही हो अक्का, अजिबात नाही, डोकं धरलंय माझं. पण त्याचा राग नव्हता. नरसिंहाचं म्हणून सांगितलात ते लागलं; आम्ही काय तुमच्या सासवा आहोत, देवाच्या आड लपायला? दत्तजयंतीला पेटीवर तुम्हीच बसा, ती पोर स्वल्प मागे ओढते. ते गळ्यातलं राहू दे, पण ती वायर माझ्या अम्माच्या पेटीवर आपटली, तर नरसिंह म्हणजे काय ते मी दाखवीन."